भरड माशांची नदी

ज्वारी, बाजरी, नाचणी यांना आपण भरड धान्य म्हणतो. गहू-तांदळाच्या मानाच्या पंगतीत ज्यांना पाट मिळत नाही, ती भरड. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील माशांचीही नेमकी अशीच उतरंड आहे. सामन आणि ट्राउट हे तेथील खानदानी मासे. त्यांना 'गेम फिश', म्हणजे मृगयेचे मासे म्हणावयाचे. रोच, डेस, चब, बार्बल, ब्रीम, टेंच, पर्च, पाइक हे उरलेले सारे 'कोर्स फिश', अर्थात भरड मासे. यांच्या मांसात काटे फार, चवीला चिखलाचा वास, म्हणून श्रीमंतांच्या ताटात त्यांना जागा नाही. यातला ग्रेलिंग नावाचा मासा मोठा गमतीचा आहे. तो जन्माने सामन-ट्राउटच्या कुळातला. पण त्यांच्याप्रमाणे थंडीच्या दिवसांत अंडी न घालता वसंतात घालतो. तेव्हा मासेमारीच्या हंगामापुरते त्याला भरड माशांच्या रांगेत बसविण्यात आले आहे. कुळापेक्षा वागणूक पाहिली गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

या भरड माशांच्या मागे गळ घेऊन जाणे हा इंग्लंडातील कामकरी आणि मध्यमवर्गीय माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे. बांगडा-सुरमईवर पोसलेल्या आपल्या मनाला न पटणारी गोष्ट अशी, की धरलेला मासा हा मनुष्य सहसा खात नाही. तो मासा धरतो, न्याहाळतो, फार तर वजन करतो आणि पुन्हा पाण्यात सोडून देतो. २०१० मध्ये इंग्लंडात झालेल्या उपनियमांनी या रिवाजाला कायद्याची जोडही दिली. नदीतून दिवसाकाठी ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक, ठरावीक मापाचे दोन ग्रेलिंग आणि २० सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा किरकोळ मासे एवढेच नेता येतात. अंडी घालणारे मोठे मासे नदीतच राहावेत, हा त्यामागील हेतू होय. पोटासाठी नाही, तर मग त्या मुक्या जिवाला टोचावेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि छंदिष्टांनी त्याचे समाधानकारक उत्तर दिले आहे असे मला वाटत नाही. मात्र या छंदाने एक अनपेक्षित काम केले. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, अशा लहानसहान नद्यांना त्याने वाली मिळवून दिला.

अशीच एक लहान नदी म्हणजे लोडन. बेसिंगस्टोक या गावापाशी खडूच्या खडकातील झऱ्यांतून ती उगम पावते, हॅम्पशायर व बर्कशायर परगण्यांतील कुरणांमधून सुमारे ४५ किलोमीटर वाहते आणि वॉरग्रेव्ह गावाजवळ थेम्सला मिळते. अलेक्झांडर पोप या कवीने १७१३ च्या 'विंडसर फॉरेस्ट' या काव्यात तिला नदी झालेली वनकन्या म्हणून चितारले आहे. एरवी तिची कीर्ती फारशी नाही. उगमाकडे पाणी थंड व नितळ, म्हणून तेथे ट्राउट; पुढे चिकणमातीचा प्रदेश लागला की प्रवाह मंदावतो, पाणी गढुळते आणि भरड माशांचे राज्य सुरू होते. काठाने विलोची झाडे, त्यांची पाण्यात उतरलेली मुळे, वळणावर आतून पोखरलेला काठ, मध्येच जुन्या पाणचक्कीचा बंधारा आणि त्याखाली खळाळता डोह. नदीच्या नावाने ओळखली जाणारी 'लोडन लिली' ही पांढरी फुले वसंतात ओलसर काठावर उमलतात.

अशा नदीवर मासे धरणाऱ्याचा बहुतेक वेळ गळ टाकण्यात नव्हे, पाणी वाचण्यात जातो. प्रवाह जेथे अडखळतो, वेगवान आणि संथ पाण्याची जेथे शिवण पडते, जेथे झाडाची फांदी पाण्यावर सावली धरते, तेथे मासा असण्याचा संभव. कारण मासाही हिशेबी असतो. वाहत्या पाण्याशी झगडण्यात शक्ती न दवडता वाहून येणारे खाद्य आयते टिपता येईल, अशीच जागा तो निवडतो. चब हा यातला सर्वांत चाणाक्ष. काठावर पाय जोरात आपटला, तरी त्याची कंपने पाण्यात पोहोचून तो दिसेनासा होतो. म्हणून अनुभवी माणूस काठावर वाकून, दबक्या पावलांनी जातो. पावाचे चार तुकडे वरच्या अंगाला टाकतो आणि ते कोठे गडप होतात ते पाहत राहतो.

त्यानंतर बारा-तेरा फुटांची लवचीक काठी, केसासारखे बारीक तंगूस आणि त्यावर तरंगणारा पिसाचा देठ, ज्याला तेथे 'फ्लोट' म्हणतात. पाव, अळ्या, मक्याचे दाणे किंवा गांडूळ हे आमिष. तंगुसाला ठरावीक अंतराने बारीक वजने लावलेली असतात, ती अशी की देठाचे फक्त टोक पाण्यावर दिसावे. मग तो देठ प्रवाहाबरोबर सोडून द्यायचा आणि हातातील चाकावरून तंगूस अंगठ्याच्या दाबाने जपून सोडत राहायचे. यातील मेख अशी, की नदीचे पाणी पृष्ठभागावर वेगाने आणि तळाशी संथपणे वाहते. देठ मोकळा सोडला तर आमिष तळच्या पाण्यापेक्षा भरभर पळते आणि मासा बिचकतो. म्हणून देठ किंचित अडवून धरायचा, म्हणजे आमिष तळाच्या वेगाने, जणू आपोआप वाहून आल्यासारखे माशापुढे जाते. देठाचे टोक क्षणभर बुडाले, की मनगटाचा एक झटका. अंगठ्याखालून तंगूस सोडण्याचे हे चाक फार पूर्वी ट्रेंट नदीवरील नॉटिंगहॅम शहरात लाकडाचे बनत असे, आणि आजही काही जण हट्टाने तसलेच जुने चाक वापरतात.

बार्बलची गोष्ट वेगळी. हा तळाशी चरणारा, ओठांना चार मिशा असलेला, सोनेरी-तपकिरी रंगाचा दणकट मासा. गोटे आणि वाळू यांच्या स्वच्छ तळावर, खळाळत्या पाण्यात तो राहतो. त्याच्यासाठी आमिष तळाशी ठेवावे लागते. गळाला लागला की तो जीव तोडून झुंजतो, इतका की थकून गेल्यावर लगेच सोडला तर उलटा होऊन मरू शकतो. म्हणून शहाणा मनुष्य त्याला पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे करून, जाळीत काही मिनिटे धरून ठेवतो. कल्ल्यांतून पाणी खेळू लागले आणि तो स्वतःच्या बळावर निसटू पाहू लागला, की मगच सोडतो.

या बार्बलचा आपल्याशी दूरचा संबंध आहे. आपला महसीर शास्त्रज्ञांनी पूर्वी बार्बलच्याच प्रजातीत घालून त्याचे नाव 'बार्बस टॉर' असे ठेवले होते. हिंदुस्थानात आलेल्या साहेबाला येथील डोंगरी नद्यांत आपल्या गावचा बार्बल भेटला, आणि तोही अनेक पटींनी मोठा. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये आले, त्यात महसीरचाच बोलबाला आहे.

भरड मासे मोठमोठ्या नद्यांमध्ये अंडी घालीत असताना त्यांना सरसकट पकडले जाऊ नये, ही मागणी एकोणिसाव्या शतकात पुढे आली, तीही जमीनदारांकडून नव्हे. शेफील्डच्या पोलाद कारखान्यांतील कारागीर सुटीच्या दिवशी रेल्वेने खेड्यापाड्यांतील नद्यांवर जात. त्यांच्या शहराचे खासदार ए. जे. मुंडेला यांनी पुढाकार घेतला आणि १८७८ मध्ये कायदा होऊन भरड माशांसाठी बंदीकाळ ठरला. १५ मार्च ते १५ जून या काळात नदीत गळ टाकायचा नाही, हा नियम इंग्लंडच्या नद्यांवर आजही चालू आहे. तळ्यांवरील बंदी १९९५ मध्ये आणि बहुतेक कालव्यांवरील २००० मध्ये उठली. नद्यांवरील बंदीही उठवावी का, याविषयी २०१९ मध्ये शासकीय यंत्रणेने लोकांची मते मागविली. गळवाल्यांतच दोन तट पडले आणि अखेर बंदी कायम राहिली. डेस मार्च-एप्रिलमध्ये, तर बार्बल आणि चब मे-जूनमध्ये गोट्यांच्या उथळ तळावर अंडी घालतात, हे पाहता ते योग्यच झाले. १६ जूनची पहाट हा गळवाल्यांचा दसरा. नेमक्या त्याच सुमारास आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदीमुळे होड्या ओढून ठेवलेल्या असतात.

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडमध्ये भरतीचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर मासे धरण्याचा हक्क जनतेचा. त्यापुढे तो काठाच्या मालकाचा, आणि दोन काठांचे मालक वेगळे असतील तर प्रत्येकाचा प्रवाहाच्या मध्यापर्यंत. हा हक्क विकता येतो, भाड्याने देता येतो. शहरांतील कामगारांनी क्लब काढले आणि वर्गणी जमवून मैल-दोन मैल काठाचे हक्क घेतले. आज तेथे नदीवर जायचे तर सरकारी परवाना लागतो आणि त्याखेरीज हक्काच्या मालकाची किंवा क्लबाची परवानगीही. म्हटले तर ही कटकट. परंतु जो हक्क मालमत्ता ठरतो, त्याला धक्का लावणाऱ्यावर दिवाणी दावा लावता येतो. वरच्या अंगाच्या कारखान्याने पाणी नासवले आणि मासे मेले, तर सरकारी अधिकारी जागा होण्याची वाट पाहावी लागत नाही. मालमत्तेची हानी झाली, एवढे सिद्ध करावे लागते.

हे शस्त्र हाती होते, पण ते चालविण्याची ऐपत क्लबांकडे नव्हती. बलाढ्य कंपनीविरुद्ध खटला हरला तर खर्चाने क्लब बुडायचा. १९४८ मध्ये जॉन ईस्टवुड या बॅरिस्टराने 'अँग्लर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशन' स्थापन केली, ती हीच अडचण दूर करण्यासाठी. देशभरातील गळवाल्यांनी थोडे थोडे पैसे द्यायचे आणि खटल्याच्या खर्चाची हमी संस्थेने घ्यायची, अशी ही सहकारी व्यवस्था.

तिची खरी परीक्षा डर्बी शहरात झाली. डरवेंट नदीत तेथील ब्रिटिश सेलानीज हा कृत्रिम धाग्यांचा कारखाना रसायने सोडी, नगरपालिका अर्धवट शुद्ध केलेले सांडपाणी सोडी आणि वीज केंद्र तापलेले पाणी सोडी. 'प्राइड ऑफ डर्बी' नावाच्या गळवाल्यांच्या क्लबाने आणि काठाचे एक जमीनदार, हॅरिंग्टनचे अर्ल, यांनी मिळून दावा लावला. नगरपालिकेचा बचाव आपल्याला ओळखीचा वाटेल: शहराची लोकसंख्या वाढली, केंद्र अपुरे पडले, आमचा काय दोष? १९५२ मध्ये न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि १९५३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. सुधारणेसाठी अंमलबजावणीला काही काळ स्थगिती दिली, हे व्यवहाराला धरून झाले. पण लोकोपयोगी काम करतो म्हणून दुसऱ्याची नदी नासवण्याची मुभा मिळत नाही, हे ठरून गेले. अपील ऐकणाऱ्यांत पुढे ख्यातकीर्त झालेले न्यायमूर्ती डेनिंगही होते. भरड मासे धरणाऱ्या एका क्लबाचा हा खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो.

गळवाल्यांचा उपयोग केवळ न्यायालयापुरता नव्हता. वर्षानुवर्षे एकाच वळणावर बसणाऱ्याला नदीतला बदल इतरांच्या आधी कळतो. लंडनच्या उत्तरेकडील ली नदी, जिच्या काठी आयझॅक वॉल्टनने १६५३ च्या आपल्या 'द कम्प्लीट अँग्लर' या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवात केली, तिच्यावरील सांडपाणी केंद्राच्या तळ्यांत नर-मादी दोन्हींची लक्षणे असलेले रोच मासे सापडू लागले. तेथून संशोधनाचा धागा सुरू झाला. १९९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी देशातील अनेक नद्यांमधील रोच तपासून दाखवून दिले, की सांडपाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला नर रोचच्या वृषणांत अंडपेशी आढळतात. माणसाच्या मूत्रातून येणारी स्त्री-संप्रेरके आणि गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक ही त्याची मुख्य कारणे. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. लोडनला स्वॉलोफील्डपाशी मिळणारी ब्लॅकवॉटर ही तिची उपनदी दाट वस्तीच्या पट्ट्यातून येते आणि उन्हाळ्यात तिच्या प्रवाहाचा मोठा हिस्सा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न एखाद्या बदनाम नदीपुरता नाही हे कळते.

गळवाले स्वतः धुतल्या तांदळासारखे होते असे मात्र मुळीच नाही. तंगुसाला लावायच्या शिशाच्या गोळ्या काठावर सांडत, हंस त्या खड्यांबरोबर गिळत आणि विषबाधेने मरत. १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली आणि हंसांची संख्या सावरली. बंदी येण्यापूर्वी पुष्कळ कुरकूर झाली होती, हे सांगायला हवे. आज तशीच कुरकूर पाणमांजरांबद्दल ऐकू येते. कीटकनाशकांमुळे इंग्लंडातून जवळजवळ नाहीसे झालेले पाणमांजर २०११ पर्यंत सर्व परगण्यांत परतले. नदी सुधारल्याची याहून चांगली खूण नाही. पण मोठे बार्बल ते फस्त करते म्हणून काही गळवाले त्याच्यावर खार खाऊन असतात. त्या बार्बलचीही एक कथा आहे. तो मुळात पूर्ववाहिनी नद्यांचा रहिवासी. पश्चिमेच्या सेव्हर्न नदीत तो १९५६ मध्ये केनेट नदीतून आणून सोडला गेला. छंदासाठी मासे इकडचे तिकडे करणे तेव्हा कोणालाच वावगे वाटत नव्हते.

१९४८ ची ती सहकारी संस्था २००९ मध्ये 'फिश लीगल' या नावाने नव्या रूपात आली. सांडपाणी कंपन्या आपली माहिती दडवतात, हे तिचे पुढचे गाऱ्हाणे. १९८९ मध्ये खासगीकरण झाल्याने, आम्ही शासकीय संस्था नव्हे, तेव्हा पर्यावरणविषयक माहिती देण्यास बांधील नाही, असे कंपन्या म्हणत. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने या कंपन्याही त्या कायद्यापुरत्या सार्वजनिक संस्थाच असल्याचे ठरविले. कोणत्या नाल्यातून किती वेळ मैला नदीत गेला, याची चर्चा अलीकडे ब्रिटिश वृत्तपत्रांत रोज होते, तिला हा निकाल पूरक ठरला. पुढे उत्तर यॉर्कशायरमधील पिकरिंगच्या एका क्लबाने कॉस्टा बेक या चिमुकल्या ओढ्यासाठी सरकारलाच न्यायालयात खेचले. ओढा सुधारण्याचा सरकारी आराखडा इतका मोघम होता, की त्यात त्या ओढ्यासाठी ठोस असे काहीच नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लबाच्या बाजूने निकाल लागला आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारचे अपीलही फेटाळले गेले. हा क्लब ट्राउट आणि ग्रेलिंगवाल्यांचा. पण निकालाचा फायदा भरड माशांनाही तितकाच.

आपल्याकडे नदीतील माशांना संरक्षण मिळाले ते बव्हंशी श्रद्धेमुळे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहातले मासे देवीचे मानले जातात, म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. श्रद्धेचे हे सामर्थ्य कमी लेखण्याचे कारण नाही. कित्येक नद्यांत महसीर दिसेनासा झाला असता अशा डोहांत तो टिकून आहे. परंतु देवीची आण डोहापुरती असते, वरच्या अंगाच्या नाल्याला ती लागू होत नाही. कायद्याकडे पाहावे, तर सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्याने बंदी आहे आणि १९७४ पासून जलप्रदूषणाचा स्वतंत्र कायदाही आहे. तरी कोल्हापूरच्या पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतातच. तेव्हा दाद मागायची ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा राष्ट्रीय हरित लवादाकडे. लवादाचे दार सामान्य माणसाला खुले आहे, ही जमेची बाजू. मात्र नदीचा अमुक मैल आपल्या ताब्यातला आणि तो नासला तर आपले नुकसान, असे हक्काने म्हणू शकणारा काठावरचा भोई किंवा कोळी येथे दुर्मीळ.

इंग्लंडातील क्लबांचे सभासद २००७ पासून आणखी एक काम शिकले आहेत. महिन्यातून एकदा गुडघाभर पाण्यात उभे राहून तळातील गोटे पायाने तीन मिनिटे ढवळायचे आणि वाहून येणारे किडे जाळीत धरायचे. ते पांढऱ्या ताटात ओतून मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस यांच्या अळ्या मोजायच्या. ऑक्सिजन घटला किंवा कीटकनाशक पाण्यात आले, की या अळ्या सर्वांत आधी नाहीशा होतात. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की त्याच दिवशी पर्यावरण यंत्रणेला कळवायचे. मोजून झाल्यावर किडेही, माशांप्रमाणेच, परत पाण्यात.